हवा फुकट, दाब महाग: भोर घाटापासून बोईसरपर्यंत

ज्यांना एपिसोड ऐकण्याऐवजी वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. आज इतिहास आहे, पण त्यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आज आहे दाबलेल्या हवेचा इतिहास.

मी मनोरचा. आमच्याकडे मस्तान नाक्याजवळ हायवेवर ट्रक थांबतात, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडतो आणि टायरात हवा भरली जाते. तीच हवा बोईसरला, तारापूर एमआयडीसीत, पाइपातून कारखानाभर फिरते. आमच्या भागातली कितीतरी मुलं आयटीआय करून तिथे लागतात. त्यांना पहिल्या आठवड्यात 'लाईनला सात किलो प्रेशर हवं' हे वाक्य पाठ होतं. पण ते सात किलो तयार करायला किती वीज लागते, हे फारसं कुणी सांगत नाही. का सांगत नाही, ते समजायला दीडशे वर्षं मागे जाऊ.

हवा दाबण्याची कल्पना जुनीच. गावच्या लोहाराचा भाता हेच करायचा. पण भाता ओढणाऱ्याचा दंड दुखायचा, म्हणून हवेची किंमत त्याला बरोबर ठाऊक असायची. ही किंमत नजरेआड झाली ती यंत्रं आल्यावर.

१८५६ मध्ये भोर घाटातून रेल्वे न्यायचं काम सुरू झालं. एकूण २५ बोगदे. पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू, एवढीच हत्यारं. कातळात भोक पाडायचं ते माणसाच्या हाताने. एका टप्प्यावर ४० हजारांहून जास्त मजूर तिथे राबत होते आणि त्यातले हजारो अपघातांत, साथींत दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

नेमक्या त्याच काळात युरोपात, फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या आल्प्स पर्वतात, माँ सनीचा बोगदा खोदला जात होता. लांबी बारा किलोमीटरहून जास्त. १८५७ ला सुरुवात झाली तीही हातानेच. मग १८६१ मध्ये जेर्मां सोमेयेर या इंजिनीअरने हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल बोगद्यात उतरवलं. हवा दाबायला त्याने डोंगरातून येणाऱ्या पाण्याचा जोर वापरला. काम पंचवीसेक वर्षं चालेल असा अंदाज होता, पण १८७१ मध्ये गाडी धावली. उद्घाटनाच्या थोडं आधी सोमेयेर वारला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या बोगद्यात हवेची नासाडी नव्हतीच म्हणा ना! ड्रिलमधून सुटलेली हवा मजुरांच्या श्वासाला उपयोगी पडायची आणि सुरुंगाचा धूर बाहेर ढकलायची. पाण्याचं बिलही येत नव्हतं. दाबलेली हवा म्हणजे चांगली, सुरक्षित, फुकट, ही समजूत इथे पक्की झाली. आणि त्या जागी ती खरीही होती.

पुढे व्हिक्टर पॉप नावाच्या माणसाने पॅरिसमध्ये शहरभर हवेच्या पाइपलाईनी टाकल्या. आधी त्यावर रस्त्यावरची घड्याळं चालली, मग लहान कारखाने आणि लिफ्ट. तिथे मात्र हवा विकत घ्यावी लागे, त्यामुळे हिशेब सुरू झाला. घातलेल्या ताकदीपैकी हातात किती येते? उत्तर फारसं सुखद नव्हतं. विजेची मोटर आली आणि बहुतेक कामांत तिनेच बाजी मारली. तरी पॅरिसचं ते जाळं १९९४ पर्यंत चाललं.

आपल्याकडे काय झालं? एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. त्याच्या आगेमागे, १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. देशाला यंत्रं हवी होती, उत्पादन हवं होतं. कॉम्प्रेसर चालतोय ना, मग झालं! त्याची वीज किती, हा प्रश्न मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्याची भाषा जोरात सुरू झाली, पण कायदा यायला २००१ उजाडलं. २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे आपला बीईई, उभा राहिला. घरच्या फ्रिजवरचे तारे देतो, तोच.

बीईईच्या मार्गदर्शक पुस्तिकेत कॉम्प्रेसरवर अख्खं प्रकरण आहे. त्यातला आकडा ऐका: कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १० ते ३० टक्के प्रत्यक्ष कामाच्या जागी पोचते. बाकीची उष्णता होऊन जाते. पंपाने सायकलीत हवा भरताना पंप तापतो ना? तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

मग हवा वापरायचीच कशाला? कारण आहे. हवेच्या हत्याराला विजेची ठिणगी नाही. तारापूरसारख्या केमिकल आणि औषधांच्या कारखान्यांत, जिथे सॉल्व्हंटची वाफ असते, तिथे हे जिवाचं काम आहे. शिवाय हवेचं हत्यार हलकं असतं आणि अडकलं तरी जळत नाही. म्हणजे हवा लागणारच. प्रश्न आहे तो तिच्या गळतीचा.

हिशेब करून बघू. सात किलोच्या लाईनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर त्यातून साधारण तीन किलोवॉट वाया जातात. दिवसाचे चोवीस तास, वर्षभर: २६,२८० युनिट. युनिटला ८ रुपये धरा, म्हणजे दोन लाख दहा हजार. एका भोकाचे! पाण्याची गळती दिसते, तेलाने पाय घसरतो. हवा फक्त 'सूं' करते आणि मशिनांच्या आवाजात तेही ऐकू येत नाही.

आता ऐकणाऱ्यांपैकी जे शॉपवर आहेत, त्यांच्यासाठी एक सोपी चाचणी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारं काहीही चालू नसताना, साहेबांना विचारून कॉम्प्रेसर सुरू करा. लाईन भरली की तो अनलोड होईल. कुणी हवा वापरत नाही, तरी थोड्या वेळाने तो पुन्हा लोडवर आला, तर ती सगळी गळती. घड्याळ लावा. २ मिनिटं लोड, ६ मिनिटं अनलोड असेल तर २ भागिले ८, म्हणजे कॉम्प्रेसरची २५ टक्के हवा गळते आहे. वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या कॉम्प्रेसरला हे गणित असं चालत नाही. मग साबणाचं पाणी घेऊन जोड, कप्लिंग, होस, ड्रेन व्हॉल्व्ह तपासा. दुरुस्ती मात्र लाईनचं प्रेशर उतरवूनच.

दोन गोष्टी आणखी. गरज सहा किलोची असताना सात ठेवू नका, एका किलोमागे सहा ते दहा टक्के वीज जाते. आणि कॉम्प्रेसरला बाहेरची थंड हवा घेऊ द्या. बंद खोलीत तो स्वतःचीच गरम हवा ओढतो आणि दर ४ अंशांमागे वीज सुमारे एक टक्का वाढते. बोईसरच्या मे महिन्यात हे काय होत असेल, तुम्हीच बघा. आणि हो, शिफ्ट सुटताना एअर गनने अंगावरची धूळ उडवू नका. दाबलेली हवा डोळा, कान निकामी करू शकते, कातडीतून आत शिरली तर जीवही जाऊ शकतो.

हे सगळं मालकाचे पैसे वाचवायला, असं कुणी म्हणेल. थोडं तसं आहेच. पण लहान युनिटला वीजबिल पेललं नाही, की आधी कंत्राटी पोरांची शिफ्ट जाते, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. आणि नव्याने लागलेला पोरगा जेव्हा कागदावर '२५ टक्के' लिहून साहेबांसमोर ठेवतो, तेव्हा त्याच्याकडे हेल्पर म्हणून बघणं जरा अवघड जातं.

भोर घाटातल्या माणसांना हे यंत्र मिळालं नाही. आपल्याला मिळालंय, तर ते नीट वापरू या. कुणी ही चाचणी केली तर आकडा नक्की कळवा, कारखान्याचं नाव नको. भेटू पुढच्या भागात.