माडाच्या पोटातला आवाज

ऑलिव्हिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १७९० साली एका तांबूस भुंग्याचे वर्णन केले. कोकणातील बागायतदार त्याला सोंड्या भुंगा म्हणतात. १९०६ साली मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी भारतातील उपद्रवी किडींवरील आपल्या ग्रंथात नारळाचा शत्रू म्हणून त्याची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ हा प्रश्न दक्षिण व आग्नेय आशियाचाच मानला गेला.

माडाला वाढीचा कोंब एकच. तो कुजला की झाड गेले. गेंड्या भुंग्याने पाडलेल्या भोकांत किंवा कोयत्याच्या घावांत सोंड्याची मादी अंडी घालते, आणि बिनपायांची अळी गाभा पोखरत जाते. तांबूस द्राव व चघळलेला चोथा बाहेर दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच खोडाला कान लावून कुरतडण्याचा आवाज ऐकण्याचा जुना सल्ला आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी रास्त होता.

१९८५ साली हा भुंगा संयुक्त अरब अमिरातीत आढळला. समुद्र त्याने पंखांनी ओलांडला नव्हता. खजुराचे फुटवे आणि शोभेची ताडवर्गीय झाडे यांच्या व्यापारातून तो पसरला. १९९०च्या दशकात इजिप्त व स्पेन त्याच्या तावडीत सापडले. २०१७ साली अन्न व कृषी संघटनेला त्याच्यासाठी रोममध्ये उच्चस्तरीय बैठक घ्यावी लागली.

१९९३ साली कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी नराचा गंधसंकेत ओळखला. या रेणूची कुपी आणि आंबवलेले खाद्य ठेवलेली बादली हा आज पाळतीचा मुख्य आधार आहे. परंतु सापळा उडते भुंगे मोजतो; कोणता माड आतून पोखरला आहे, हे तो सांगत नाही.

तिथे पुन्हा कानच उपयोगी पडला, केवळ काचेचा. २०२० साली सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या गटाने खोडाभोवती प्रकाशीय तंतू गुंडाळून त्यात लेसरचे स्पंद सोडले. अळीच्या चावण्याने तंतू किंचित ताणला जातो, परतणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशाची कला बदलते, आणि परतीच्या वेळेवरून ठिकाण कळते. एकच तंतू अनेक झाडांवर लक्ष ठेवू शकतो, ही त्याची खरी किंमत.

मात्र खजुराच्या सरळ रांगा वेगळ्या आणि माड, पोफळी, आंबा यांची दाटी असलेली कोकणातली वाडी वेगळी. जुलैच्या वाऱ्यात झावळ्यांच्या सळसळीतून अळीचे चावणे निवडून काढणे हे काम अधिक कठीण आहे.