अ‍ॅकॉर्डिंग टू मी

माझी लाल शाई सगळ्यात जास्त कशावर खर्च झाली असेल, तर ‘अ‍ॅकॉर्डिंग टू मी’वर. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. दर जूनला मुलं नवी, चूक तीच. ‘माझ्या मते’ला इंग्रजी कपडे चढवले की हेच होतं. इंग्रज माणूस ‘अ‍ॅकॉर्डिंग टू’ वापरतो ते दुसऱ्याचा हवाला देताना: पेपरात असं आलंय, डॉक्टर असं म्हणतात. स्वतःच्या मताला स्वतःचाच हवाला दिला, की ते त्याच्या कानाला खटकतं.

या सवयीचं मूळ भाषांतरात आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ हे वृत्तपत्र काढलं तेच दोन स्तंभांत, एकीकडे मराठी आणि शेजारी इंग्रजी. पुढं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर पोसल्या. माझ्या वडिलांची प्रत अजून माझ्याकडे आहे, पुठ्ठा सुटलेली, समासात पेन्सिलीनं अर्थ लिहिलेली. याचं मराठी करा, त्याचं इंग्रजी करा. तिची थट्टा करणाऱ्यांनी आधी तिच्याइतकी शिस्त दाखवावी, असं मला अजून वाटतं. पण त्या वाक्यांतलं मत विद्यार्थ्याचं कधीच नसायचं. बाळ, तुला काय वाटतं, हे पुस्तक विचारत नव्हतं.

वर्गाबाहेर मात्र स्वतःचं मत मांडायचा सराव कधीच सुरू झाला होता. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचायचे, त्यावर बोलायचं. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. आणि ही मंडळी बोलून घरी गेली नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, सभासद स्वतः शिकवायला उभे राहिले. ‘असं करूया का?’ याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

सूचना करणं आणि मत देणं हा इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचा कणा व्हायला मात्र १९७० चं दशक उजाडलं, तेही युरोपात. तिथं कौन्सिल ऑफ युरोपला प्रौढांना परक्या देशात उपयोगी पडेल अशी भाषा शिकवायची होती. त्या कामातले भाषातज्ज्ञ डी. ए. विल्किन्स यांचं म्हणणं असं, की धडे काळ आणि प्रयोगांवर बेतू नयेत. माणूस भाषेतून काय साधतो त्यावर बेतावेत. १९७५ मध्ये याच विचाराची, व्हॅन एक यांची ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ ही अभ्यासक्रमाची रूपरेषा आली. तिच्यात सूचना करणं हे कामं करून घेण्याच्या सदरात बसवलं होतं. मला ते फार आवडलं.

माझ्या वर्गापर्यंत हे पोचलं नव्वदच्या दशकात. बाकं वळवून जोड्या पाडल्या. ‘लेट्स’ सोपं, ‘शाल वी’ सोपं. ‘हाउ अबाउट’ला मुलं अडायची, पुढं ‘गोइंग’ यायला हवं तिथं ‘वी गो’ यायचं. त्यांचा काय दोष? मराठीत क्रियापदाला ‘या’ चिकटवला की झालं: जाऊया, खेळूया.

एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात उभेच राहिले. आठवीतली एक धीट मुलगी म्हणाली, ‘व्हाय डोन्ट यू सिट, सर?’ साहेबांचा चेहरा बदलला. मधल्या सुट्टीत मला बोलावून म्हणाले, ‘बाई, मुलांना आधी रीतभात शिकवा.’ मुलीनं सुचवलं होतं, ‘बसा ना.’ साहेबांनी मनातल्या मनात भाषांतर केलं, ‘तुम्ही बसत का नाही?’ आणि त्यांना तो जाब वाटला. चूक माझीही होती. वाक्य शिकवलं, ते बरोबरीच्या माणसाशी बोलायचं आणि साहेबांशी ‘प्लीज’नं सुरुवात करायची, हे शिकवायचं राहिलं. त्या मुलीनं त्यानंतर कितीतरी दिवस तोंड उघडलं नाही, हे मला जास्त लागलं.

२००० पासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी आलं. दहावीच्या लेखनकौशल्यात ‘व्ह्यू-काउंटरव्ह्यू’ आलं, म्हणजे दिलेल्या मताच्या उलट बाजू मांडायची. गाईडमध्ये दोन्ही बाजू तयार मिळतात, ‘इन माय ओपिनियन’सकट. मुलं पाठ करतात, गुण मिळतात. मत गाईडचं असेल तर ‘अ‍ॅकॉर्डिंग टू द गाईड’ हे इंग्रजी मात्र बिनचूक ठरेल!

आता शिकवणाऱ्यांना एकच विनंती. यंदाची सहल कुठं न्यायची हे वर्गाला इंग्रजीत ठरवू द्या. चुकत माकत का होईना, पण ठरलं तर सहल तिथंच न्या.