तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा ‘सा’

‘पीएचडी कधी संपणार?’ घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. तुम्हालाही कुणी असं विचारत असेल, तर केसरबाई केरकरांची गोष्ट वाचाच.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, पुढे भास्करबुवा बखल्यांकडे. पण सलग शिक्षण काही झालं नाही. १९२१ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम सुरू केली. १९३० पासून त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, तरी शिकणं थांबलं नाही. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत ते चालू होतं.

आता गंमत बघा. एकेक राग निगुतीनं फुलवणाऱ्या या गायिकेची भैरवी ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे, पण जेमतेम साडेतीन मिनिटं! जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच वाजायची. यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली. त्याच १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

ऐकणाऱ्याला मिळतात ती साडेतीन मिनिटं. त्यामागची पंचवीस वर्षं तबकडीवर दिसत नाहीत.

म्हणून हल्ली कुणी विचारलं की मी सांगते, ‘तालीम चालू आहे.’