खुडूक

कोंबडी खुडूक झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे माझ्या वयाच्या शहरातल्या मित्रांपैकी फार थोड्यांना सांगता येतं. काही दिवस अंडी दिल्यावर ती एकदम थांबते. जागेवरून हलत नाही, दाणे टाकले तरी लगेच येत नाही, हात पुढे केला की पिसं फुलवून गुरगुरते. तिला आता अंडी घालायची नसतात, उबवायची असतात. मग घरातली बाई टोपलीत भुसा पसरून दहा-बारा अंडी मांडते, तिला वर बसवते, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. पिल्लं नको असतील तर तिला पाण्यात बुडवून काढायची, नाकात पीस अडकवायचं, असे जुने उपायही आहेत. पिसाचा उपाय मला तरी क्रूर वाटतो.

आपल्या इंदिरानगरात जुन्या बंगल्यांच्या मागे अजून पेरू, आंबा, शेवगा टिकून आहे. तिथे चार कोंबड्या सोडायच्या म्हटलं, तर प्रश्न जागेचा किंवा खाण्याचा नाही. खुडूक होणारी कोंबडी आणायची की न होणारी, हा आहे. आणि त्या प्रश्नाला बराच मोठा इतिहास आहे.

कोंबडी मुळात झाडाखालचीच. तिचा पूर्वज, लाल रानकोंबडा, दिवसा पाचोळा उकरतो आणि रात्री फांदीवर चढून बसतो. पाळीव कोंबडीची आजवरची सगळ्यात जुनी खात्रीशीर हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. भातशेती आली, दाणे सांडू लागले, त्या दाण्यांमागे हा पक्षी जंगलातून खाली आला, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. कोंबडीच्या पिवळ्या पायांचं जनुक लाल रानकोंबड्याचं नाही, ते भारतातल्या करड्या रानकोंबड्याकडून आलं, हे 2008 मध्ये सिद्ध झालं. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या थोड्याशा इकडच्या आहेत.

बागेत तिचं काम सरळ आहे. आंब्या-पेरूतल्या फळमाशीची अळी गळालेल्या फळातून बाहेर पडते आणि मातीत वरच्या थरात कोषात जाते. कोंबडी नेमका तोच थर उकरते. किडकी फळं खाते, वाळवी खाते, आणि नत्राने भरलेली विष्ठा झाडालाच देऊन टाकते. (नुकतं लावलेलं रोप मात्र तिच्यापासून जपावं लागतं. मुळं उघडी पाडायला तिला एक सकाळ पुरते.)

पण परस सगळ्यांचं सारखं नव्हतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांद्यासोबत गावकोंबडाही द्विजांना वर्ज्य सांगितला आहे. त्यामुळे ब्राह्मणवाड्यांच्या मागे आंबा-फणस असे, कोंबडी नसे. ती असे कुणब्याच्या, कोळ्याच्या, भिल्लाच्या, महाराच्या, मुसलमानाच्या दारात. कोकणात मात्र बाग आणि कोंबडा यांची वेगळीच गाठ पडली. बागेच्या राखणदाराला कोंबडा द्यायची तिथली रीत आहे. ज्याला कोंबडा शिवत नव्हता, त्याच्या बागेची राखणही कोंबड्यानेच व्हायची. मला हा तपशील फार आवडतो.

खुडूक कोंबडीवर पहिला घाव पडला तो हिशेबाचा. बसलेली कोंबडी तीन आठवडे आणि नंतर पिल्लं मोठी होईपर्यंत अंडी देत नाही. आमच्या धंद्यात याला डाउनटाइम म्हणतात, आणि डाउनटाइम शून्यावर आणणाऱ्याला बढती मिळते. अंडी उबवायला यंत्र आल्यावर कोंबडीने बसायची गरज उरली नाही. मग पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या माद्या निवडल्या. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली लेगहॉर्न ही त्यातली सगळ्यात यशस्वी. मांसाच्या बाजूला 1923 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सेलिया स्टील या गृहिणीने 50 पिल्लं मागवली, चुकून 500 आली, तिने ती ठेवून घेतली आणि ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला. सुरुवात तिथेही बाईच्या परसातूनच झाली होती.

आपल्याकडे हे बदल डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाशी जोडलेले आहेत. 1971 मध्ये त्यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, आणि पुणे या धंद्याचं केंद्र झालं. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, शेडमधली 300 च्या वर. अंडं गरिबाच्या ताटात आलं ते या शेडमुळे, परसामुळे नाही. हे मान्य न करता गावठीचे गोडवे गाणं मला पटत नाही. परसाचीही दुखणी होती. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की एका आठवड्यात अंगण रिकामं. लस आहे, पण कुपी शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने भरलेली, आणि बाईकडे कोंबड्या सात.

तरी फरक कळला तो 2006 मध्ये. 18 फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशातली ती पहिली नोंद. तिथे शेड होत्या, लाखो पक्षी मारून पुरले गेले. मार्चमध्ये लागण जळगाव जिल्ह्यात निघाली, सावदा, मारूळ अशा गावांत. हा रावेर-यावलचा केळीचा पट्टा, आणि इथे लागण परसातल्या कोंबड्यांत होती. ठरलेल्या अंतराच्या आतलं प्रत्येक अंगण मोकळं करण्यात आलं. ते करावंच लागलं असतं. एच5एन1 माणसं मारतो. पण नंतरचं बघा. शेडवाला बंदी उठली की हॅचरीला फोन करतो आणि त्याच जातीची पिल्लं गाडीतून येतात. 2021 मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला, म्हणजे मधल्या काळात तिथे शेड पुन्हा भरल्या होत्या. अंगणातल्या बाईने फोन कुणाला करायचा? तिची कोंबडी आईच्या घरून आलेल्या कोंबडीची नात होती, आणि ती कुठल्याच यादीत नव्हती. नुकसानभरपाई पक्षी मोजून मिळते, वंशाची मिळत नाही.

परसासाठी म्हणून सरकारी संस्थांनी सुधारित जाती काढल्या त्या अशाच अंगणांसाठी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा. रंगीत, काटक, झाडाखाली फिरून खाणाऱ्या, गावठीच्या दुप्पट अंडी देणाऱ्या. सरकारी योजनांत वाटल्या जातात त्या साधारण अशाच. फक्त त्या खुडूक होत नाहीत. म्हणजे शेड सोडून कोंबडी पुन्हा आंब्याखाली आली, पण पुढची पिढी हॅचरीतच राहिली. संकरित बियाण्याचं जे झालं तेच. शिवाय पिल्लं धरली तरी ती आईसारखी निघतील याची खात्री नाही.

यावर बायकांनी काढलेली वाट कुठल्या माहितीपत्रकातून आलेली नाही. त्या एक-दोन गावठी कोंबड्या राखून ठेवतात. अंडी कमी देते म्हणून जिला काढून टाकायचा सल्ला मिळतो, तीच. ती खुडूक झाली की तिच्याखाली वनराजाची अंडी मांडतात, सातव्या दिवशी उजेडासमोर धरून पोकळ निघालेली काढून टाकतात. मोठ्या अंड्यांवर तिचं अंग पुरत नाही, म्हणून बारा ऐवजी आठ-नऊच ठेवतात. पिल्लं भराभर वाढतात आणि तरी घार दिसली की तिच्याच पंखाखाली घुसायला बघतात.