ढगांतून पाहणारा रिसॅट

भोपाळमध्ये उपग्रहाचा विषय निघाला की लोक अयोध्यानगरातल्या इस्रोच्या तबकड्यांकडे बोट दाखवतात. "पुराची चित्रं इथूनच निघतात ना, सर?" असं आमचे शेजारीही विचारतात. नाही. २००५ साली सुरू झालेलं हे केंद्र हासनच्या मुख्य नियंत्रण केंद्राचं भावंड. ३६,००० किलोमीटरवरचे दळणवळणाचे आणि हवामानाचे उपग्रह सांभाळणं हे त्याचं काम. पुराची चित्रं काढतात ते ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह, आणि रडार तेवढ्या उंचीवर ठेवणं सहसा परवडत नाही. अंतर दुप्पट झालं की परतणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. हे गणित मी दर वर्षी फळ्यावर मांडायचो आणि मागच्या बाकावर जांभया सुरू व्हायच्या. आपला रडारचा उपग्रह रिसॅट-१ फिरायचा ५३६ किलोमीटरवर. तो ३६,००० वर नेला असता, तर प्रतिध्वनी दोन कोटी पटींनी क्षीण झाला असता.

आपल्या भास्कर-१ वर १९७९ सालीच सूक्ष्मलहरी टिपणारं उपकरण होतं, पण ते नुसतं ऐकायचं. रडारला आधी स्वतः हाक घालावी लागते, आणि हाकेला वीज लागते. अमेरिकेचा रडारवाला सीसॅट १९७८ मध्ये जेमतेम तीन-साडेतीन महिने चालला आणि विद्युत यंत्रणेतल्या शॉर्ट सर्किटने गेला.

आपल्याकडे रिसॅट-१ चं काम चालू असतानाच मुंबईवर २६/११ चा हल्ला झाला. मग इस्रायली रडार घेतलेला ३०० किलोंचा रिसॅट-२ एप्रिल २००९ मध्ये आधी उडाला. देशी बनावटीचा रिसॅट-१ गेला २६ एप्रिल २०१२ रोजी. वजन १,८५८ किलो. प्रकल्प संचालक एन. वलारमती.

या उपग्रहाचा जीव त्याच्या अँटेनात होता. लांबी सहा मीटर, रुंदी दोन मीटर. तीन फळ्या घडी घालून रॉकेटमध्ये बसवलेल्या. आत २८८ छोटे विभाग, प्रत्येक विभाग लहरी पाठवणारा आणि परत घेणाराही. त्यांच्या लहरींची कला (फेज) थोडी मागेपुढे केली की अँटेना जागचा न हलवता झोत वळतो. कक्षा पहाटे-संध्याकाळच्या सीमारेषेवरची, म्हणजे सौर पॅनेलांवर जवळजवळ सतत ऊन. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

तरीही सहा मीटरच्या अँटेनाचा झोत जमिनीवर पाचेक किलोमीटर पसरतो. तेवढ्यावर भागवलं असतं, तर आमचा मोठा तलाव चार ठिपक्यांत संपला असता. म्हणून उपग्रह पुढे सरकताना आलेले प्रतिध्वनी जमिनीवरच्या संगणकात जुळवतात, आणि लहान अँटेना कित्येक किलोमीटर लांबीचा असल्यासारखं काम करतो. शांत पाणी लहरी दुसरीकडे परतवतं, त्यामुळे चित्रात तलाव काळा दिसतो. भर आषाढातही त्याचा काठ मोजता येतो. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत नुसते ढग.

रिसॅट-१ ची जागा फेब्रुवारी २०२२ मध्ये ईओएस-०४ ने घेतली. त्याच्या जोडीचा ईओएस-०९ मे २०२५ मध्ये रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाल्याने गमावला. पण ३० जुलै २०२५ रोजी नासाबरोबरचा निसार गेला, बारा मीटरचा परावर्तक घेऊन. त्याची माहिती सर्वांना मोफत मिळावी, असं धोरण आहे. भोपाळच्या महाविद्यालयांनी ती उतरवून घ्यावी आणि येत्या पावसाळ्यात मोठ्या तलावाचा पसारा मुलांकडून मोजून घ्यावा.