सुट्या भागांचा इतिहास आणि ९० दिरहमचा एसएमपीएस



जरा मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी एक एक्सेल शीट माझ्यापुढे ठेवली. वर लिहिलं होतं, 'गेमिंग पीसी, बजेट ३००० दिरहम'. सीएच्या मुलाने मागणी शीटमध्ये मांडून आणली म्हणून आधी बरं वाटलं. मग आकडे वाचले. ग्राफिक्स कार्ड १६००, प्रोसेसर ४५०, मदरबोर्ड ३००, काचेचं आणि रंगीत दिव्यांचं कॅबिनेट २५०, रॅम १५०, अर्ध्या टीबीची एसएसडी १६०. आणि सगळ्यात खाली, एसएमपीएस ९०. शिल्लक शून्य.

माझं बोट त्या ९० वर थांबलं. तो म्हणाला, "आई, तो फक्त वीज देतो गं. त्याने एफपीएस वाढत नाही." एफपीएस म्हणजे गेम एका सेकंदात किती चित्रं दाखवतो तो आकडा. आमच्याकडे हल्ली जेवतानासुद्धा हाच विषय असतो.

"त्यापेक्षा तयार घे ना" असं मी म्हणणारच होते. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. फ्रिज, टीव्ही, फोन आपण असे भाग आणून घरी जुळवत नाही. मग कॉम्प्युटरच का सुटा मिळतो? त्या आठवड्यात रात्री बसून वाचलं, आणि वाचता वाचता त्याच्या शीटमधल्या प्रत्येक ओळीमागे एकेक गोष्ट सापडत गेली.

सुरुवात झाली घाईतून. १९८० साली आयबीएम म्हणजे मोठमोठे कॉम्प्युटर विकणारी अवाढव्य कंपनी. ॲपलसारख्या लहान कंपन्यांनी घरगुती कॉम्प्युटरचा बाजार उघडला होता आणि आयबीएमला तिथे लवकर पोचायचं होतं. फ्लोरिडातल्या बोका रॅटनमध्ये डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाला साधारण एका वर्षाची मुदत मिळाली. सगळं स्वतः बनवायला वेळच नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला. सगळ्यात साध्या मॉडेलची किंमत १,५६५ डॉलर, मेमरी १६ किलोबाइट, फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा नाही. पण आत पाच मोकळे स्लॉट होते, आणि इतरांना त्यात बसणारी कार्डं बनवता यावीत म्हणून कंपनीने सर्किटच्या नकाशांसकट माहितीपुस्तक विकायला ठेवलं होतं.

प्रोसेसरसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायला आयबीएम तयार नव्हती. दुसरा कोणीतरी तोच प्रोसेसर बनवणारा हवा, असा तिचा आग्रह. ऑडिटमध्ये आपण अशी जोखीम अहवालात लिहितो, तशीच ही. त्यामुळे इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी करार केला. आज आपली मुलं 'इंटेल की एएमडी' म्हणून भांडतात, त्या भांडणाचं मूळ खरेदी विभागाच्या या सावधपणात आहे.

आयबीएमने एकच गोष्ट स्वतःकडे राखली होती, ती म्हणजे बायोस. मशीन सुरू होताना चालणारा हा छोटा प्रोग्रॅम कॉपीराइटखाली होता. ह्यूस्टनमध्ये १९८२ साली तिघा जणांनी कॉम्पॅक कंपनी काढली आणि त्यावर सरळ, कायदेशीर वाट शोधली. एका गटाने बायोस नेमकं काय काम करतो ते लिहून काढलं. मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने, फक्त त्या वर्णनावरून, नवा बायोस लिहिला. १९८३ मध्ये त्यांचं मशीन बाजारात आलं आणि आयबीएमसाठीचे प्रोग्रॅम त्यावर चालले. पुढच्याच वर्षी फिनिक्स कंपनी असा बायोस हवा त्याला विकू लागली. मग काय, कोणीही भाग जमवून पीसी उभा करू शकत होता.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका आणून दोर पुन्हा आवळायचा प्रयत्न केला. त्यातल्या नव्या स्लॉटसाठी इतर कंपन्यांना परवाना शुल्क भरावं लागणार होतं. कॉम्पॅकसह नऊ प्रतिस्पर्धी १९८८ मध्ये एकत्र आले आणि जुनी कार्डंही चालतील असं स्वतःचं मानक त्यांनी जाहीर केलं. आयबीएमचा स्लॉट मागे पडला. त्यानंतर सुटे भाग एकमेकांत बसणार की नाही हे ठरवणं एका कंपनीच्या हातात कधीच राहिलं नाही.

हेच सुटे भाग पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पोचले. रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं कोण म्हणतंय? १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि या मालावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. 'ब्रँडेड' कॉम्प्युटर न परवडणाऱ्या घरांसाठी 'असेंबल्ड' हा शब्द तिथेच रुळला. १९९९ च्या दिवाळीत बाबा, दादा आणि मी डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, असे गेलो होतो. मी तेव्हा आर्टिकलशिप करत होते. बाबांनी पीएफमधून कर्ज काढलं होतं. दुकानदार छोट्या पॅडवर भरभर भाग आणि भाव लिहायचा, तो कागद घेऊन आम्ही पुढच्या दुकानात. चार दुकानं, चार कागद. आज मुलाने केलेली शीट म्हणजे तोच कागद, फक्त रंग जास्त.

आमच्याकडे आला तो सेलेरॉन. ही स्वस्ताईच्या इतिहासातली लाडकी गोष्ट. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने पहिला सेलेरॉन आणला तो कॅश मेमरी काढून टाकून, आणि तो फार मंद म्हणून त्याची चेष्टा झाली. ऑगस्टमध्ये सुधारून '३००ए' आला. कॅश थोडीच, १२८ किलोबाइट, पण प्रोसेसरच्या आतच आणि त्याच्याच वेगाने चालणारी. किंमत १४९ डॉलर. हौशी लोकांच्या लक्षात आलं की मदरबोर्डवर ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ लावलं की यातले बरेच प्रोसेसर ३०० चे ४५० वर निमूट चालतात. त्या वेळचा ४५० चा पेंटियम टू होता ६६९ डॉलरला. गेम खेळणाऱ्या पोरांनी कमी पैशांत जास्त काम कसं काढायचं ते तेव्हा शिकून घेतलं.

आणि ग्राफिक्स कार्ड? १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा सगळं चित्र प्रोसेसरच काढत होता. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची 'वूडू' चिप आली. ते कार्ड फक्त थ्रीडीचं काम करायचं. साध्या कामाला दुसरं कार्ड लागायचंच, आणि दोन्ही मागून केबलने जोडायची. ते घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आलं याला मोठं कारण म्हणजे त्याच सुमारास मेमरी चिप्सचे भाव पडले. थ्रीडीएफएक्स बाजाराची राणी झाली आणि मग चुकली. आधी ती चिप्स विकायची, कार्डं दुसऱ्या कंपन्या बनवायच्या. १९९८ च्या शेवटी तिने एक कार्ड बनवणारी कंपनी विकत घ्यायचं ठरवलं आणि सगळी कार्डं स्वतःच करायला घेतली. जुने भागीदार एनव्हिडियासारख्या प्रतिस्पर्ध्यांकडे गेले. १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं, आणि डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घ्यायचा करारही एनव्हिडियानेच केला. आयबीएमला जे जमलं नव्हतं तेच थ्रीडीएफएक्सला करायचं होतं. सुट्या भागांच्या बाजारात सगळं स्वतःकडे ओढणाऱ्याला दोनदा महाग पडलं.

भावांचा इतिहासही गमतीचा आहे. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या नीहामा इथे एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिप्सच्या आवरणासाठी लागणारं रेझिन तिथे बनत होतं. रॅम महाग झाली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्क महाग. मग क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डं उचलली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली आणि तीच कार्डं ढिगाने जुन्या बाजारात आली. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे पुन्हा रॅम. आम्ही उन्हाळ्यात घेतली म्हणून वाचलो. थोडक्यात, 'योग्य बजेट' असा कायमचा आकडा नसतो. ज्या महिन्यात जो भाग अवाजवी महाग आहे, तो त्या महिन्यात कमीत कमी घ्यायचा.

आता त्या ९० दिरहमकडे येते.

१९९९ मध्ये कॅबिनेट घेतलं की एसएमपीएस त्यातच बसवलेला यायचा. तो वेगळा निवडायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. दोन कॅबिनेटं दिसायला सारखी होती, बाबांनी ४०० रुपयांनी स्वस्त असलेलं घेतलं. २००१ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेले, आले, परत गेले, आले, आणि टेबलाखालून फट् असा आवाज झाला. जळका वास. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली. डिस्कमध्ये दादाचा डिप्लोमाचा प्रोजेक्ट होता आणि आठ दिवसांवर सबमिशन. त्याचं ते सत्र गेलं. बाबा कोणाला काही बोलले नाहीत, पण पुढची कित्येक वर्षं घरातली कुठलीही वस्तू घेताना ते दुकानदाराला विचारायचे, "यातलं आतलं कसं आहे?"

एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणतो. तो बिघडताना आतलं संरक्षक सर्किट नसेल किंवा नावापुरतं असेल, तर जास्तीचं व्होल्टेज थेट महागड्या भागांवर जातं. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॉटवर जाऊ नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टला किती मिळतात ते बघा. '८० प्लस' हे प्रमाणपत्र वीज किती कमी वाया जाते तेवढंच सांगतं. संरक्षणाची हमी त्यात नाही.

हे सगळं मी मुलाला सांगितलं, मामाच्या प्रोजेक्टसकट. तो गप्प बसला. मग दोघांनी शीट परत उघडली. मी एकच प्रश्न विचारला, "तुझा मॉनिटर कोणता?" मॉनिटर म्हणजे माझा ऑफिसचा जुना, १०८० पिक्सेलचा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. १६०० चं कार्ड त्याहून कितीतरी जास्त चित्रं काढणार आणि मॉनिटर ती दाखवू शकणार नाही. हा खर्च कशासाठी, हे त्याचं त्यालाच कळलं.

बर दुबईत कॉम्प्युटर स्ट्रीटवर दोन शनिवार फिरलो. अगदी लॅमिंग्टन रोड, फक्त एसी. शेवटचा हिशेब असा: ग्राफिक्स कार्ड ११५०, प्रोसेसर ४५०, मदरबोर्ड ४००, रॅम १६ जीबी १५०, एसएसडी एक टीबी २५०, एसएमपीएस २५०, साधं पण हवा खेळती ठेवणारं कॅबिनेट २००. एकूण २८५०, शिल्लक १५०. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचे घेतले. २०१६ ला आलेल्या या सॉकेटवर २०२२ नंतरही नवे प्रोसेसर येत राहिले. म्हणजे दोन-तीन वर्षांनी मदरबोर्ड न बदलता वरचा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेता येईल. अगदी नव्या गेमच्या मागे धावणाऱ्याला नवं सॉकेट हवं. आमचं बजेट तेवढं नव्हतं.

जोडणी त्यानेच केली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, स्क्रीन काळाच. त्याचा चेहरा बघवेना. रॅम काढून, टक् आवाज येईपर्यंत दाबून परत बसवली, आणि चालू झालं.

संध्याकाळी त्याने आजोबांना व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं. दिवे नाहीत, काच नाही. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एसएमपीएस कुठला घेतलास रे?"

मुलाने कंपनीचं नाव, वॉट, १२ व्होल्टचा आकडा, सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "चांगलं केलंस." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटतं त्या ४०० रुपयांचा हिशेब त्यांच्या मनात चोवीस वर्षं उघडाच होता.

मुलांनी असा हट्ट धरला तर लगेच नाही म्हणू नका. आधी शीट मागा, आणि तिच्यातली सगळ्यात खालची ओळ त्यांच्याबरोबर बसून वाचा.

तुमच्या घरी पहिला कॉम्प्युटर कधी आणि कुठून आला होता? लिहा. वाचायला आवडेल.