मर्जी आणि मसलत

ठाण्याच्या वर्तकनगरांतून रोज सकाळीं कितीतरी माणसें कचेऱ्यांच्या व कारखान्यांच्या वाटेला लागतात. तीं संध्याकाळीं परतलीं म्हणजे घरोघर वरिष्ठांविषयीं एक गाऱ्हाणें ऐकूं येतें: खरें बोलणारा मागें राहतो, आणि हांजी हांजी करणारा पुढें सरकतो. हें गाऱ्हाणें आजकालचें नव्हे. मराठी राज्याच्या अखेरच्या काळांत त्याचा जो मोठा दाखला घडला, त्याचा एक मुका साक्षीदार ठाण्यांतच उभा आहे. खाडीच्या बाजूचा जो जुना किल्ला, ज्याचा आज मध्यवर्ती तुरुंग झालेला आहे, त्यांत दुसऱ्या बाजीरावाचा सर्वांत मर्जींतला कारभारी त्रिंबकजी डेंगळे सुमारें एक वर्ष इंग्रजांच्या कैदेंत होता.

त्याच्या पलायनाची हकीकत प्रसिद्ध आहे. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, आणि त्यांना मराठीचें अक्षर कळत नव्हतें. एक मराठा मोतद्दार किल्ल्यांतील साहेबाच्या चाकरीस राहिला. घोड्याची चाकरी करतां करतां तो खिडकीखालीं गाणें म्हणे, आणि त्या गाण्यांतून पळून जाण्याचा बेत आंत पोहोंचे. सप्टेंबर १८१६ मध्यें एके संध्याकाळीं त्रिंबकजी भिंतीपलीकडे गेला. पुढें बिशप हेबर यांनीं ही गोष्ट आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेवली. तींत थोडें तिखटमीठ पडलेंच असेल. पण कैदी निसटला आणि त्या निसटण्यानें पुण्याच्या गादीचें मरण जवळ आलें, एवढें खरें.

हा त्रिंबकजी मुळांत साधा जासूद. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांनीं हडपसरजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां बाजीराव पुणें सोडून महाडकडे पळाला. त्या धांदलींत त्रिंबकजीनें पुण्याचें पत्र नेऊन उत्तर इतक्या त्वरेनें आणलें कीं, धन्याची नजर त्याच्यावर बसली. तेथून तो चढत चढत १८१४ सालीं अहमदाबादचा सरसुभेदार झाला. ग्रँट डफनें त्याच्याविषयीं एक गोष्ट नोंदली आहे. धन्यानें आज्ञा केली तर आपण गाय मारण्यासहि कचरणार नाहीं, असें तो खुद्द एल्फिन्स्टन साहेबाजवळ म्हणाला होता. हिंदु मनुष्याच्या तोंडीं याहून मोठा होकार कोणता असणार!

त्रिंबकजी नुसता तोंडपुजा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो धाडसी होता, कामाचा उरक त्याला दांडगा होता, आणि इंग्रजांचा त्याला मनापासून तिटकारा होता. त्याची निंदा बहुतेक इंग्रजांच्याच लेखणींतून उतरली आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. प्रश्न त्याचा नाहींच. त्याच्या धन्याचा आहे. पदरीं इतके मुत्सद्दी, इतके पिढीजाद सरदार असतां बाजीरावाला हाच मनुष्य कां आवडावा?

याचें अर्धें उत्तर बाजीरावाच्या बालपणांत आहे. तो राघोबादादांचा मुलगा. १७७५ सालीं धारच्या किल्ल्यांत जन्मला. त्याचें बालपण व तारुण्य आनंदवल्ली, जुन्नर अशा ठिकाणीं नाना फडणविसांच्या नजरकैदेंत गेलें. १७९६ मध्यें गादी मिळाली ती देखील नाना व दौलतराव शिंदे यांच्या ओढाताणींतून. ज्याच्याजवळ स्वतःचें कांहीं आहे, मग ती बुद्धि असो, फौज असो वा सरंजाम असो, तो आपल्याला कोंडूं शकतो, हा धडा त्याच्या मनावर कोरला गेला. पटवर्धनांसारख्या सरंजामदाराला 'नाहीं' म्हणतां येई, कारण त्याची भाकर हुजुरांतून येत नसे. जासुदाचा सरसुभेदार झालेल्या मनुष्याला तें कसें म्हणतां यावें? त्याचा वाडा, घोडा, पालखी सर्व एका मर्जीवर उभें होतें. गोड शब्दांचा लोभ कोणत्या धन्याला नसतो? पण बाजीराव शब्दांची किंमत देत नव्हता, तो परावलंबनाची किंमत देत होता. जो आपल्याशिवाय कोणी नाहीं, तोच आपला, असा त्याचा हिशेब होता. कचेरींतला वरिष्ठहि पुष्कळदां हाच हिशेब करतो. मात्र तो त्याला निष्ठेची पारख असें नांव देतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग वसईस सांपडतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं तेथें झालेल्या तहानें बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि पुढील मे महिन्यांत ते त्याला पुण्यास घेऊन आले. तेव्हांपासून त्याच्या गादीला कोणा सरदाराचें भय उरलें नाहीं. राज्य चालो वा बुडो, गादी इंग्रजांच्या संगिनींवर टेकलेली होती. ज्याच्या आसनाला वरून टेकू मिळाला, त्याला खालून येणाऱ्या खऱ्या बातमीची गरज उरत नाहीं. चुकीच्या मसलतीचा चटका रयतेला बसे, धन्याला बसत नसे.

थोरल्या माधवरावांचें याच्या नेमकें उलट होतें. पानिपतानंतर १७६१ मध्यें गादीवर आले तेव्हां ते सोळा वर्षांचे होते. एका बाजूस निजाम, दुसरीकडे हैदर, घरांत चुलते राघोबादादा. बातमी खोटी निघाली तर लढाई हातची जाणार, अशी अवस्था. ते एकदां जपतपाच्या नादीं लागले. रामशास्त्री प्रभुणे कामासाठीं आले, त्यांनीं तो प्रकार पाहिला आणि ते मुकाट्यानें परतले. दुसरे दिवशीं त्यांनीं काशीस जाण्याची परवानगी मागितली. पेशव्यांनीं कारण पुसतां शास्त्रीबोवांनीं सांगितलें कीं, ब्राह्मणानें राज्य पत्करलें तर प्रजेचा सांभाळ हाच त्याचा धर्म; जपच करावयाचा असेल तर गादी सोडावी आणि आमच्याबरोबर गंगेच्या कांठीं चलावें. पेशव्यांनीं जप सोडला. शास्त्रीबोवांना सोडलें नाहीं. ज्यांच्या घरीं एका दिवसापुरताच शिधा असे असें सांगतात, त्यांना मर्जी गेल्याचें भय काय घालणार? आणि ज्यांना रणांत उतरावयाचें होतें, त्या माधवरावांना अशा मनुष्यावांचून चालणार तरी कसें?

तोच शास्त्री पुढें राघोबादादांसमोर उभा राहिला. १७७३ मध्यें नारायणरावांचा खून झाला, तेव्हां या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे असें त्यानें तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. दादांनीं शास्त्री गमावला आणि अखेर इंग्रजांचा पदर धरला. त्याच गडबडींत, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. म्हणजे पुत्राच्या लाडक्या कारभाऱ्याची कोठडी पित्याच्या कलहामुळेंच शत्रूच्या हातीं गेलेली होती.

खऱ्या बोलण्याचा सर्व भार एकट्यादुकट्या शास्त्र्यावर टाकूं नये, इतकें शहाणपण जुन्या राज्यव्यवस्थेंत होतें. मामलतदाराच्या जोडीला दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस असे दरखदार असत. त्यांचा दरक बहुधा वंशपरंपरेचा, आणि मामलतदाराला त्यांना दूर करतां येत नसे. हिशेबावर मुजुमदाराची नजर असे. मामलतदारानें कांहीं लपविलें तर तें हुजुरांत कळविण्याचें काम याच लोकांचें. त्यांत आळशी व लांचखाऊहि असतीलच. परंतु ज्याच्याविषयीं लिहावयाचें, त्याच्याच हातीं लिहिणाऱ्याची भाकर नव्हती, ही या व्यवस्थेची खरी खुबी होय.

बाजीरावानें ही चौकटच मोडकळीस आणली. मामलती मक्त्यानें, जो अधिक रक्कम कबूल करील त्याला देण्यांत येऊं लागल्या. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीचें वर्णन केलें आहे. एखाद्या परगण्याची कुवत अमुकच आहे असें सांगणारा प्रामाणिक मनुष्य लिलांवांत हरे, आणि अवाच्या सवा आंकडा बोलणारा जिंके. तोहि पुढें पोटमक्तेदार नेमी, आणि शेवटीं तो आंकडा कुणब्याच्या घरांतून वसूल होई. खुशामत केवळ जिभेनें होते असें नाहीं. ती आंकड्यांतहि होते, आणि अशी खुशामत अधिक महाग पडते.

दरम्यान संगमावरच्या रेसिडेन्सींत वेगळाच व्यवहार चालला होता. १८११ पासून तेथें एल्फिन्स्टन होता. बाळाजीपंत नातू व इतर माणसें त्याच्या पदरीं होतीं, आणि पेशव्यांच्या गुप्त मसलती त्याच्यापर्यंत पोहोंचत. बातमी गोड आहे कीं कडू, हें तेथें कोणी विचारीत नसे. नातूंचें नांव मराठी घरांत अजूनहि कडवटपणानें निघतें, आणि तें साहजिक आहे. पण एक धनी होकार विकत घेत होता आणि दुसरा बातमी विकत घेत होता, हा फरकहि विसरतां येत नाहीं.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास खून झाला. बाजीरावाला तो बेत ठाऊक होता कीं नाहीं, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. इंग्रजांनीं त्रिंबकजीला मागितलें, आणि घासाघीस करून बाजीरावानें त्याला त्यांच्या हातीं दिलें. धन्यासाठीं गाय मारावयास तयार असलेला चाकर धन्यानें दोन महिन्यांत सोडला. ठाण्याहून तो निसटल्यावर संशय, धमक्या आणि जून १८१७ चा पुण्याचा तह. नंतर नोव्हेंबरांत खडकी. १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टी येथें इंग्रज अचानक चालून आले, तेव्हां बाजीरावानें सेनापति बापू गोखल्यांना टोमणा पाठविला. गोखल्यांनीं पिछाडी आपण राखूं असें कळविलें, आणि ते तेथेंच पडले. बाजीराव निसटला. जूनच्या आरंभीं त्यानें माल्कमच्या हवालीं होऊन सालीना आठ लाख रुपये पदरांत पाडून घेतले आणि बिठूरची वाट धरली. तेथें तो १८५१ पर्यंत जगला.

त्रिंबकजी त्याच १८१८ सालीं नाशिक प्रांतांत पुन्हा सांपडला. या वेळीं त्याला ठाण्यास ठेवण्याचें धाडस इंग्रजांनीं केलें नाहीं. त्याची रवानगी दूर चुनारच्या किल्ल्यांत झाली. बिशप हेबर १८२४ मध्यें त्याला तेथें भेटले. १८२९ सालीं तो तेथेंच वारला. चुनार गंगेच्या कांठीं आहे, आणि वरच्या अंगाला त्याच गंगेच्या कांठीं बिठूर आहे.